छेदात कोण?

मुखेड तालुक्यात गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते आहे की घटते आहे, हे पाहायचे तर आपल्याला अपूर्णांक मांडावा लागेल. अंशात वर्षभरातील नवे रुग्ण, छेदात तेथील सर्व स्त्रिया.

अंश मोजण्याची पद्धतशीर सुरुवात आपल्याकडे १९६३ मध्ये मुंबईच्या कर्करोग नोंदणीने केली. देशातील पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. मराठवाड्यातील परांडा व भूम तालुके तिच्यात येतात. छेद मात्र आपण जनगणनेतून आयता घेत आलो.

२०१९ मध्ये शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे सहांत एकीचे, गर्भाशय काढलेले आढळले. मुखेडच्या वाड्या-तांड्यांतूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात. गर्भाशय नसलेल्या स्त्रीला त्याचा कर्करोग होणार नाही; तरी ती छेदात राहतेच.

समजा, लाख स्त्रियांत १० रुग्ण सापडले. छेदातून सहावा हिस्सा वगळला, की तेच प्रमाण लाखाला १२ होते. शस्त्रक्रिया वर्षागणिक वाढत गेल्या, तर आजार तेवढाच राहूनही आलेख खाली उतरेल आणि आपण निर्धास्त होऊ.

अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सोडवून घ्यावे.