चार तारांची हौस

ज्या वाद्याला अमेरिकेंतील वादकांच्या व्यवसाय-संघानें पुष्कळ काळ वाद्य म्हणून मानलेंच नाहीं, तें वाद्य आज पृथ्वीच्या पाठीवर असंख्य घरांतून वाजत आहे. युकुलेली हें त्याचें नांव. हवाई बेटांतील लोक त्याचा उच्चार ‘उकुलेले’ असा करतात. अवघ्या २१ इंच लांबीचें, गिटारच्या घाटाचें आणि चार तारांचें हें वाद्य पाहून प्रथमदर्शनीं कोणालाहि तें लहान मुलाचें खेळणें वाटावें. वादकसंघाचीहि समजूत बहुधा तीच झाली असावी. त्या समजुतींत कांहीं अर्थ नव्हता असेंहि नाहीं. संघ हा पोटासाठीं वाजविणारांचा असतो, आणि युकुलेली पोटासाठीं वाजविणारे नेहमींच थोडे होते. हें वाद्य हौशी माणसांचें. हौशी माणसाच्या करमणुकीचा इतिहास लिहून ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. तो जहाजांच्या याद्यांतून, दुकानांच्या जाहिरातींतून आणि जुन्या गाण्यांच्या छापील पानांतून वेंचून घ्यावा लागतो.

या इतिहासाची सुरुवात मात्र हौसेंत नाहीं, उपासमारींत आहे. मदीरा हें अटलांटिक महासागरांतील पोर्तुगीज बेट. तेथील द्राक्षमळ्यांवर १८५२ च्या सुमारास भुरी पडली. त्यांतून मळे सावरतात न सावरतात तोंच १८७२ पासून मुळें खाणाऱ्या फिलॉक्झेरा किडीनें त्यांचा फडशा पाडला. मद्याचा धंदा बसला आणि माणसें देशोधडीला लागलीं. त्याच वेळीं पॅसिफिक महासागरांतील हवाईच्या राज्यांत उंसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. कराराच्या कागदावर अंगठे उठले आणि चारशेंहून अधिक माणसें ‘रेव्हन्सक्रॅग’ नांवाच्या जहाजांत चढलीं. दक्षिण अमेरिकेच्या टोंकाला वळसा घालून, सुमारें चार महिन्यांच्या प्रवासानंतर, २३ ऑगस्ट १८७९ रोजीं तीं होनोलुलूच्या बंदरांत उतरलीं. परंपरेनें अशी हकीकत सांगतात कीं, जोआव फर्नांदिश नांवाच्या एका उतारूनें धक्क्यावर पाय ठेवतांच मदीरेचें ‘माशेती’ हें चिमुकलें वाद्य हातीं घेतलें आणि सुखरूप पोंचल्याच्या आनंदांत गाणें सुरू केलें. ही हकीकत कदाचित् पुढें सजविली गेली असेल; परंतु दोनच आठवड्यांच्या आंत होनोलुलूच्या वृत्तपत्रानें या नवागतांच्या रस्त्यावरील रात्रीच्या मैफलींची कौतुकानें दखल घेतली, हें निश्चित आहे. ज्यांची भाषा त्या बंदरांत कोणाला कळत नव्हती, त्यांची ओळख पटविण्याचें काम चार तारांनीं केलें.

त्याच जहाजांतून मनुएल नुनेश, आउगुश्तो दियाश आणि जोझे दु एश्पिरितु सांतु हे तीन सुतार आले होते. मळ्यांवरचा करार संपल्यावर ते होनोलुलूला आले, आणि कपाटें-खुर्च्या करतां करतां वाद्येंहि करूं लागले. बेटांवर कोआ नांवाचें सुरेख रेषांचें, हलकें आणि नादाला चांगलें लांकूड मिळतें, तें त्यांनीं निवडलें. घाट माशेतीचा घेतला, पण तारांची जुळणी मदीरेच्याच ‘राजाव’ या पांच तारांच्या वाद्यावरून आली. या जुळणींतच सारी खुबी आहे. गिटारप्रमाणें यांतील तारा खर्जाकडून टिपेकडे क्रमानें लागत नाहींत. हनुवटीच्या बाजूची पहिली तार खालची असावी तर ती वरची असते. मग एकदम खालीं उतरून पुन्हां क्रमानें वर चढावयाचें. परिणामीं चारहि मोकळे सूर एका सप्तकाच्या आंतच राहतात, आणि बोटाच्या एका झटक्यानें जो झंकार उठतो तो दाट, जवळ-जवळचा आणि उल्हसित वाटतो. तीन-चार सुरांच्या ज्या एकत्र नादाला पाश्चात्य संगीतांत कॉर्ड म्हणतात, त्यांतील कित्येक या वाद्यावर एका किंवा दोन बोटांनीं निघतात. सतारीवर बोट बसण्यास वर्ष जातें. येथें पहिल्याच संध्याकाळीं एखादें साधें गाणें साथीसह म्हणतां येतें. हौशी माणसानें या वाद्याला कधीं अंतर दिलें नाहीं याचें पहिलें कारण हेंच होय. अर्थात् या सुलभतेबद्दल वाद्यानें किंमतहि मोजली आहे. जें लौकर येतें त्याला मान उशिरां मिळतो.

हवाईमध्यें तो मान प्रथम राजवाड्यांतून मिळाला. राजा कालाकौआ हा १८७४ सालीं गादीवर आला. मिशनऱ्यांनीं पाखंड ठरविलेलें ‘हुला’ नृत्य त्यानें पुन्हां दरबारांत आणलें, आणि १८८६ मध्यें त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या उत्सवांत हुलाच्या साथीला ही परदेशीं जन्मलेली तंतुवाद्यें वाजलीं. एका पिढीच्या आंत परदेशीं वाद्य एतद्देशीय झालें. त्याच्या नांवाचा प्रचलित अर्थ ‘उड्या मारणारी पिसू’ असा आहे. वादकाचीं बोटें तारांवर जशीं नाचतात त्यावरून तो पडला असें म्हणतात. कालाकौआची बहीण आणि पुढें राणी झालेली लिलिउओकलानी स्वतः उत्तम गीतकार होती. तिला हा अर्थ रुचत नसे. ‘उकु’ म्हणजे देणगी आणि ‘लेले’ म्हणजे येणें, तेव्हां ‘इकडे आलेली देणगी’ असा अर्थ ती लावी. व्युत्पत्तिशास्त्राचा कौल कांहींहि असो, अर्थ राणीचाच अधिक शोभतो. पण देणग्या घेणाऱ्या त्या राज्याचे दिवस भरत आले होते. १८९३ सालीं ऊंसमळेवाल्यांच्या व व्यापाऱ्यांच्या गटानें अमेरिकन नौसैनिकांच्या पाठबळावर राणीला पदच्युत केलें. १८९८ सालीं बेटें अमेरिकेनें आपल्या राज्याला जोडलीं.

यानंतरचा भाग आनंदाचा आहे तसाच बोंचणाराहि आहे. पनामा कालव्याच्या उद्घाटनानिमित्त १९१५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें मोठें प्रदर्शन भरलें. १ कोटी ८० लाखांहून अधिक वेळां लोकांनीं त्यांत प्रवेश केला, आणि हवाईच्या मंडपांत रोज वाजणारीं गिटार व युकुलेली ऐकून अमेरिका वेडी झाली. पेनसिल्व्हेनियांतील मार्टिन या प्रख्यात गिटार-कारखान्यानें १९१६ मध्यें युकुलेली बाजारांत आणली. त्याच वर्षीं नुनेशच्या हाताखालीं शिकलेल्या सॅम्युएल कामाकानें होनोलुलूंत स्वतःचा धंदा सुरू केला, आणि तो त्याच्या घराण्यांत आजतागायत चालू आहे. नुनेशनें तर आपल्या वाद्यांवर ‘१८७९ सालचा युकुलेलीचा शोधक’ अशी चिठ्ठी डकविली. उरलेल्या दोघां सुतारांचा त्यांत उल्लेख नव्हता! पण याहून मोठा अन्याय गाण्यांच्या बाजारानें केला. १८९६ च्या कायद्यानें हवाईतील शाळांत इंग्रजी हेंच शिक्षणाचें माध्यम ठरून बेटांची मूळ भाषा वर्गाबाहेर गेली होती. आणि नंतर वीस वर्षांच्या आंतच न्यूयॉर्कचे गीतलेखक त्या भाषेची नक्कल म्हणून निरर्थक अक्षरें जुळवून विनोदी गाणीं विकूं लागले. ज्यांची बोली शाळेंत बंद, त्यांच्याच बोलीचें विडंबन पियानोवर खुलें, अशी ही स्थिति होती. वाद्य जगभर गेलें, पण ज्यांनीं तें वाढविलें त्यांचें नांव गवताच्या झग्याच्या चित्राखालीं झांकून गेलें.

हवाईच्या संगीताची लाट हिंदुस्थानपर्यंतहि आली. ताउ मोए हा हवाईयन गिटारवादक १९४० च्या दशकांत सहकुटुंब कलकत्त्यास राहत होता, आणि मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची ती गिटार बंगाली गाण्यांत व हिंदी चित्रपटांत रुळली. पुढें ब्रिजभूषण काबरा यांनीं तिच्यावर राग उभे केले. युकुलेलीच्या वांट्याला हें भाग्य आलें नाहीं. पडद्यांवर बोटें टेंकून वाजणाऱ्या, क्षणांत विरणाऱ्या नादाच्या या वाद्यावर मींड कशी घ्यावी? तें हिंदी संगीताच्या अंगणांत पाहुणें म्हणूनच राहिलें.

अमेरिकेंत हौशी वादकाचें स्थान पक्कें करण्याचें श्रेय मे सिंगी ब्रीन या बाईंना द्यावें लागेल. १९२० च्या दशकांत गाण्यांचे छापील कागद घरोघर विकत घेतले जात. पण ते पियानोसाठीं असत, आणि स्वरलेखन न वाचतां येणाऱ्याला त्यांचा उपयोग नसे. स्वरांच्या ओळीवर युकुलेलीच्या चार तारांची लहानशी जाळी छापावी आणि बोटें कोठें ठेवावींत तें ठिपक्यांनीं दाखवावें, ही गोष्ट बाईंनीं प्रकाशकांच्या गळीं उतरविली. ती जाळी आजहि छापली जाते. नवरा पीटर डी रोझ पियानोवर आणि त्या युकुलेलीवर, असा त्यांचा कार्यक्रम अमेरिकन नभोवाणीवर १९२३ पासून १९३९ पर्यंत चालला. वादकसंघाशीं, हें वाद्यच आहे म्हणून, त्याच भांडल्या. इंग्लंडांत जॉर्ज फॉर्मबी या विनोदी नटानें युकुलेली आणि बॅन्जो यांच्या संकरांतून झालेल्या वाद्यावर खाणकामगारांपासून सैनिकांपर्यंत सर्वांना हंसविलें. १९४९ मध्यें मारिओ माकाफेर्री या गिटार-कारागिरानें प्लॅस्टिकची स्वस्त युकुलेली काढली. आर्थर गॉडफ्री यानें १९५० मध्यें दूरचित्रवाणीवरून प्रेक्षकांना धडेच देण्यास आरंभ केला, आणि तशा प्लॅस्टिकच्या युकुलेली सुमारें ९० लाख खपल्या. पडद्यावरच्या माणसाकडे पाहून आपल्या घरीं बोटें जुळविण्याची संवय अमेरिकेंतील लोकांना तेव्हांच लागली.

मग विद्युत-गिटार आली. फेब्रुवारी १९६४ मध्यें बीटल्सचे चार तरुण अमेरिकन दूरचित्रवाणीवर दिसले, आणि मुलांना हवें तें वाद्य बदललें. युकुलेली माळ्यावर गेली. कॅनडांतील हॅलिफॅक्स येथें चॅल्मर्स डोन या शिक्षकानें मात्र १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शाळाशाळांतून तिच्यावरच संगीताचें मूळ शिक्षण दिलें. होनोलुलूंत रॉय साकुमा यानें १९७१ सालीं वार्षिक उत्सव सुरू केला. विझत आलेला निखारा अशा थोड्या लोकांनीं राखेखालीं जपला. दैवाची गंमत अशी कीं, बीटल्सपैकीं जॉर्ज हॅरिसन हाच उत्तरायुष्यांत युकुलेलीचा निस्सीम भक्त झाला. तो २००१ मध्यें वारला. पुढच्या वर्षीं २९ नोव्हेंबरला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्यें त्याच्या स्मरणार्थ जी मैफल झाली, तिच्या अखेरीस बड्या बड्या गिटारवाल्यांच्या नंतर जो ब्राउन हा एक जुना गायक हातीं युकुलेली घेऊन उभा राहिला, आणि मैफल तिच्या सुरांवर संपली.

हॅरिसनच्याच एका गाण्यानें पुढचें पर्व उघडलें. जेक शिमाबुकुरो या हवाईच्या तरुणानें तें गाणें न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें एका खडकावर बसून, गायकाविना, केवळ चार तारांवर वाजविलें होतें. एका लहानशा दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठीं घेतलेला हा व्हिडिओ २००६ सालीं कोणीतरी यूट्यूबवर चढविला. खुद्द वादकाला त्याची वार्ता नव्हती. लाखों लोकांनीं तो पाहिला. त्या एका वादनानें खेळण्याचा कलंक पुसला असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच. तो व्हिडिओ पाहून माळ्यावरची युकुलेली खालीं काढणारे बहुतेक लोक शिमाबुकुरोसारखें वाजवूं शकणार नव्हते, आणि तरीहि त्यांनीं स्वयंपाकघरांत कॅमेरा मांडून आपलें अडखळतें वादन दुसऱ्यांस पाठविलें.

या देवाणघेवाणीची एक रीत बनून गेली आहे. एखाद्या मंडळींत दर आठवड्याला विषय ठरतो, पाऊस, आगगाडी, अमक्या सालचीं गाणीं असा कांहींतरी. मग जो तो आपला व्हिडिओ धाडतो आणि इतरांच्या वादनावर दोन ओळी लिहितो. चूक कोणी सहसा दाखवीत नाहीं. वाद्याचें लांकूड कोणतें, तारा कोणत्या, ही बारकी युक्ति कशी साधली, हें विचारतात. निव्वळ स्तुतीनें वादन जेथल्या तेथें राहतें हा आक्षेप खरा आहे, आणि कित्येकांचें तसें राहिलेंहि आहे. पण ज्याला वयाच्या साठाव्या वर्षीं प्रथम वाद्य हातीं धरावयाचें आहे, त्याला परीक्षकापेक्षां सोबती अधिक हवा असतो. २०२० मध्यें महामारीनें मंडळांच्या प्रत्यक्ष बैठका बंद पाडल्या, तेव्हां कित्येकांना दुसरा सोबतीच उरला नव्हता.

दूरवरच्या दोघांनीं एकाच वेळीं मिळून वाजवावें म्हटलें तर मात्र जमत नाहीं. इंटरनेटवरून आवाज पोंचण्यास जो विलंब लागतो तो सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा असला तरी दोघेहि एकमेकांची वाट पाहूं लागतात आणि ठेका ओढला जातो. म्हणून पहिला माणूस आपला भाग आधीं ध्वनिमुद्रित करून धाडतो. गाणें सुरू करण्यापूर्वीं तो वाद्याच्या लांकडावर बोटानें चार ठोके देतो, आणि ते मुद्दाम तसेच ठेवतो. त्या चार ठोक्यांवरून दुसरा नेमका आरंभ पकडतो आणि आपला भाग जोडून तिसऱ्याकडे पाठवितो. कोणी रात्रीं जेवणें आटोपल्यावर, कोणी सकाळीं कामावर निघण्यापूर्वीं.