आपल्याच बास्केटमध्ये दोन गुण

बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात एक कलम वाचताना हसूच येतं. खेळाडूने मुद्दाम आपल्याच बास्केटमध्ये चेंडू टाकला तर तो नियमभंग, आणि ते गुण धरायचे नाहीत. चुकून पडला, तर मात्र गुण प्रतिस्पर्ध्यांचे. पण मुद्दाम असलं कोण करेल? १९६२ च्या जानेवारीत रेआल माद्रिदच्या लोरेन्सो आलोसेनने केलं, तेही प्रशिक्षकाच्या हुकमावरून.

याचं मूळ युरोपियन चॅम्पियन्स कपच्या रचनेत होतं. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे फिबाने, ही स्पर्धा १९५८ मध्ये सुरू केली. एक सामना आपल्या गावी, एक त्यांच्या गावी, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज करून निकाल. पहिल्याच अंतिम फेरीत रिगाच्या संघाने सोफियाच्या अकॅडेमिकला घरी ८६–८१ आणि सोफियात ८४–७१ असं हरवलं, एकूण १७०–१५२. हिशेब सरळ होता. पण बास्केटबॉलचा जुना दंडक असा, की सामना बरोबरीत सोडायचा नाही. पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ खेळून निकाल लावायचाच. बेरजेचा नियम आणि हा दंडक एकमेकांना छेद देतात, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ते माद्रिदचा प्रशिक्षक पेद्रो फेर्रांदिसच्या लक्षात आलं. १९६१–६२ च्या हंगामात रेआल माद्रिद इटलीत वारेझेच्या इग्निसशी त्यांच्याच गावात खेळत होता. गुणफलकावर ८०–८०, शेवटचे काही सेकंद उरलेले. माद्रिदचे महत्त्वाचे खेळाडू मैदानाबाहेर गेले होते. अशा अवस्थेत जादा वेळ खेळायचा म्हणजे दहा-बारा गुणांनी मार खायची तयारी ठेवायची. त्यापेक्षा दोन गुणांनी हरलेलं काय वाईट? फेर्रांदिसने टाइमआउट घेतला आणि आलोसेनला सांगितलं, चेंडू आपल्याच बास्केटमध्ये टाक. त्याने टाकला. ८२–८०, वारेझे विजयी. परतीच्या सामन्यात माद्रिदने घरच्या मैदानावर ८३–६२ अशी सव्याज परतफेड केली.

फिबाला ही हुशारी रुचली नाही. नियम बदलला आणि मुद्दाम केलेला असा बास्केट बाद ठरला. माद्रिदने मात्र त्या हंगामात अंतिम फेरी गाठली. तेव्हा स्पेन आणि सोव्हिएत संघाचे राजनैतिक संबंध नव्हते, त्यामुळे सोव्हिएत संघातल्या दिनामो त्बिलिसीविरुद्धची लढत तटस्थ जिनिव्हात, एकाच सामन्यात उरकली. तिथे बेरजेला वावच नव्हता. त्बिलिसीने ९०–८३ अशी बाजी मारली. फेर्रांदिसने पुढे माद्रिदला हा कप चार वेळा जिंकून दिला.

बंदीने युक्ती थांबली, पण मूळ विसंगती तशीच राहिली. बेरजेच्या लढतीत पहिला सामना बरोबरीत सुटला तर बिघडतं काय? दुसरा सामना आहेच की. हे नियमपुस्तकाने पुढे मान्य केलं. आता दोन सामन्यांची बेरीज असेल तर पहिल्या सामन्यात बरोबरी झाली तरी जादा वेळ खेळवत नाहीत. ती वेळ येते फक्त दुसऱ्या सामन्याअखेर एकूण बेरीजच समान झाली तर. म्हणजे फेर्रांदिसला त्या रात्री जी सवलत हवी होती, ती आज नियमानेच मिळते. त्याची युक्ती नियमबाह्य ठरली, पण तिच्यामागचं गणित मात्र नियमात बसलं.