खडूच्या नकाशावरची लढाई

दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणारी मुले आपल्या वर्गात असतातच. मावळे मांडून झाले की खेळ बहुधा तिथेच थांबतो. घोडेस्वार एका खेळीत किती अंतर जाईल, गोळी लागली की नाही हे कोणी ठरवायचे, असे प्रश्न मुलांना पडू लागले की मात्र मांडणी मागे पडते आणि निराळाच खेळ सुरू होतो. पाश्चात्त्य देशांत या छंदाला 'वॉरगेम' म्हणतात. आपण त्याला युद्धखेळ म्हणू. मुले आणि तरुण या खेळाकडे कसे वळले, हे पाहताना आपली गाठ गणिताशी पडते, धातूंच्या ओतकामाशी पडते आणि एका अवघड प्रश्नाशीही पडते.

१८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील दावोस येथे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन फुप्फुसाच्या आजारासाठी राहिला होता. बरोबर त्याचा तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड ऑसबोर्न होता. ('ट्रेझर आयलंड'चा सुप्रसिद्ध नकाशा या दोघांच्याच खेळातून आदल्या उन्हाळ्यात जन्मला होता.) घराचा माळा इतका ठेंगणा की ताठ उभे राहता येत नसे, आणि मेणबत्तीशिवाय दिसत नसे. तिथल्या जमिनीवर दोघांनी रंगीत खडूंनी नकाशा काढला. त्यात डोंगर होते, नद्या, पूल, शहरे होती, आणि रस्ते तर चांगले व वाईट असे दोन प्रतींचे. शिशाचे सैनिक या नकाशावरून कूच करीत. लढाई लांबत जाई, आणि स्टीव्हन्सन तिच्या वार्ता काल्पनिक वर्तमानपत्रांसाठी लिहून काढी. लॉइडने हे सारे पुढे १८९८ साली प्रसिद्ध केले. या छंदातले नवे पोर बहुधा असेच येते. एखादे मोठे माणूस गुडघे टेकून त्याच्याशी बरोबरीने खेळते, आणि नियम दोघे मिळून करतात.

नियम करण्याची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे, आणि तिचे मूळ आपल्या चतुरंगापर्यंत, म्हणजे बुद्धिबळापर्यंत जाते. जर्मनीतील ब्रुन्सविक येथे गणित शिकवणाऱ्या योहान हेल्विग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट दीड हजारांहून अधिक घरांचा केला आणि घरांना जमिनीचे रंग दिले. तरी बुद्धिबळातली एक अडचण राहिलीच. तिथे प्यादे मारले की मेलेच. रणांगणावर असे नसते. शंभर गोळ्या झाडल्या तरी किती लागतील ते सांगता येत नाही. प्रशियाच्या तोफखान्यातील अधिकारी रायसविट्झ याने १८२४ साली यावर उपाय छापून काढला. त्याच्या वडिलांनी १८१२ मध्ये राजासाठी केलेल्या खेळाचीच ही सुधारलेली आवृत्ती होती. पटाऐवजी १:८००० प्रमाणाचा नकाशा, तांबडे व निळे ठोकळे, दोन मिनिटांची एक खेळी, निवाड्यासाठी पंच, आणि गोळीबाराचा परिणाम ठरवण्यासाठी फासा! आमच्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी कल्पना हीच आहे. अनिश्चितता टाळायची नाही, तर तिला मोजमापात बसवायचे.

हा खेळ अधिकाऱ्यांचा होता. मुलांपर्यंत तो पोचला तो सैनिक स्वस्त झाल्यामुळे. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने पोकळ ओतकाम सुरू केले. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर थिजला की आतला पातळ भाग परत ओतून घ्यायचा. धातू कमी लागतो, वजन घटते आणि किंमतही उतरते. अशाच सैनिकांवर एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. पायदळ एका खेळीत एक फूट, घोडदळ दोन फूट, खेळी घड्याळ लावून. तोफ मात्र खरीच स्प्रिंगची, लाकडी गोळी उडवणारी. हे वेल्स युद्धाचे कट्टर टीकाकार होते. एकदा हा खेळ खेळून पाहिला की खरे युद्ध किती मोठी घोडचूक असते ते कळेल, असे त्यांनी पुस्तकाच्या शेवटी बजावले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि युद्ध संपवणारे युद्ध म्हणून त्याचे समर्थनही वेल्स यांनीच केले. मुलांना हा खेळ द्यावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच सोपे नाही. आम्हाला वाटते, नियम स्वतः लिहिणारे मूल त्या नियमांत काय राहून गेले हेही विचारू शकते. नुसते सैनिक पाडणारे मूल बहुधा विचारत नाही.

तरुणांनी या खेळाचा केलेला सर्वांत गंभीर वापर १९४२ सालचा आहे. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये जहाजे बुडवत होत्या. लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स याच्या हाताखाली विशीच्या आसपासच्या मुली जमिनीवर खडूने जहाजांचे व पाणबुड्यांचे मार्ग आखून डाव मांडू लागल्या. शिकायला आलेल्या अधिकाऱ्यांना पडद्याच्या फटीतून थोडेसेच दिसे, जसे समुद्रावर दिसते तसे. जीन लेडलॉ व जॅनेट ओकेल यांची नावे यात पुढे येतात. या डावांतून निघालेले डावपेच प्रत्यक्ष समुद्रावर वापरले गेले.

पुढे १९५९ पासून एअरफिक्स कंपनीचे प्लॅस्टिकचे इवलेसे सैनिक खोक्यांतून मिळू लागले, आणि १९६२ साली डॉनल्ड फेदरस्टोन यांचे 'वॉर गेम्स' आले. खाऊच्या पैशांत फौज आणि वाचनालयात नियम, अशी सोय झाली. १९७१ मध्ये अमेरिकेत 'चेनमेल' या नियमपुस्तिकेला चेटके-राक्षसांची पुरवणी जोडली गेली, आणि तिच्यातून १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाले.

धातूचे सैनिक पुष्कळ जण घरीच ओतत. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे स्वयंपाकघरातल्या शेगडीवरही वितळते. पण त्याची धूळ व वाफ मुलांच्या मेंदूला घातक, त्यामुळे आता कथिलाचे मिश्रधातू आणि प्लॅस्टिकच वापरतात.

सैनिक नसले तरी या खेळाचा गाभा वर्गात पाहता येतो. बारा मुलांना एकेक फासा द्यावा आणि पाच किंवा सहा पडले तर 'गोळी लागली' असे मानावे. सरासरीने चार लागायला हव्यात. पण नेमक्या चारच लागण्याची शक्यता चोवीस टक्क्यांहूनही थोडी कमी भरते, आणि एकही न लागण्याची सुमारे एकशेतीसात एक. वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की फळ्यावर किती वेळा किती लागल्या याचा स्तंभालेख काढावा आणि मगच मुलांना विचारावे की, सेनापती असता तर तुम्ही कोणता आकडा धरून चालला असता?