कोष्टक आणि नकाशा

खतावणी हा व्यापाऱ्याचा पहिला गुरु. परंतु खतावणीतील आकडा ‘किती’ एवढेच सांगतो. माल ‘कोठून कोठे’ चालला आहे हे डोळ्यांना दाखवावयास नकाशाच हवा. हा भेद ज्याने नीट ओळखला तो शार्ल मिनार (१७८१–१८७०) हा फ्रान्सच्या रस्ते व पूल खात्यातील एक अभियंता होता.

दीजाँ ते म्युलूझ लोहमार्ग घालावयाचा होता. केवळ दोन टोकांचे आकडे पाहिले, तर रूळ सरळ रेषेत टाकावे असेच कोणासही वाटेल. मिनारने १८४५ साली त्या मुलखातील सडकांवर घोडागाड्यांनी जाणारे उतारू नकाशावर उतरविले. उतारू अधिक तेथे पट्टा रुंद. मधल्याच गावी चढून मधल्याच गावी उतरणाऱ्यांवर रेल्वेची मदार फार असते, हे त्याचे म्हणणे त्या पट्ट्यांनी उघड केले.

पुढे १८६६ साली त्याने युरोपात येणाऱ्या कापसाचे तीन नकाशे शेजारी शेजारी छापले. १८५८ च्या नकाशात अमेरिकेचा पट्टा अजगराएवढा. १८६४ मध्ये यादवी युद्धामुळे तो सुतासारखा बारीक, आणि हिंदुस्थानचा मात्र फुगलेला! त्या फुगवट्याचे एक मोठे मूळ आपल्या मुंबई बंदरात होते. मुंबईच्या पेढ्यांना गाठींचे नि भावाचे आकडे पाठ होते. चढत्या भावाच्या भरवशावर बँका निघाल्या, समुद्रात भराव घालण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, भाव कोसळले, आणि १ जुलैच्या वायद्यांपायी कित्येक घरे बुडाली.

मिनारचा नकाशा यानंतर निघाला. त्यामुळे तो कोणास वाचवू शकला नाही. पण तो पाहताच एक गोष्ट कळते: आपला पट्टा दुसऱ्याच्या आटलेल्या प्रवाहाच्या जागी उभा होता. तो प्रवाह पुन्हा वाहू लागताच काय होणार, हा प्रश्न नुसत्या भावाच्या रकान्यातून सहसा सुचत नाही.

मात्र नकाशावरही आंधळा विश्वास नको. मिनारने पट्ट्यांना जागा करण्यासाठी समुद्रकिनारेदेखील वाकविले. आणि भाव तर नकाशात दिसतच नाही. तो पट्ट्यांवर आकडेही लिहीत असे. प्रश्न नकाशाला विचारावा आणि उत्तर कोष्टकावर पडताळून पाहावे. भांडवल गुंतविण्यापूर्वी ही दोन्ही कामे झाली पाहिजेत.