शहाबादी फरशीचं कुळ

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, तरीही जुन्या घरांच्या ओसरीत, चाळींच्या व्हरांड्यात, शाळांच्या वर्गांत पायाखाली असते करडी शहाबादी. ती कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते. घरचा दगड सोडून शेजारचा का आणला, याचं उत्तर दोन्ही दगडांच्या जन्मात आहे.

आपला काळा दगड लाव्हा थिजून झाला. त्याला सपाट थर नसतात. फरशी हवी तर एकेक चिरा घडवावा लागतो. शहाबादी म्हणजे चुनखडक. आज जिथे भीमेचं खोरं आहे तिथे एकेकाळी उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा अतिबारीक गाळ बसत गेला आणि मधूनमधून चिकणमातीचा पातळ पदर पडला. खाणीत त्या पदरातच छन्नी ठोकतात आणि पहार लावून सबंध लादी उचलतात. हा खडक कँब्रियनपूर्व काळातला मानला जातो. शंखशिंपल्यांचे प्राणी तेव्हा नव्हतेच, त्यामुळे त्यांचे ठसे फरशीत शोधू नयेत.

रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली दक्षिण मराठा मुलखाच्या भूशास्त्रावरच्या ग्रंथात भीमाखोऱ्यातल्या या खडकांचं वर्णन केलं. त्याआधीच, १८७१ मध्ये, मुंबईचा लोहमार्ग रायचूरला पोचला होता आणि शहाबाद त्याच वाटेवर होतं. एवढा जड माल बैलगाडीने लांब नेणं परवडण्यासारखं नव्हतं. रेल्वेमुळे ते जमलं.

ओळखायची खूण सोपी. तुटक्या फरशीची कड पाहा: कण डोळ्यांना दिसत नाहीत, थरांच्या आडव्या रेघा मात्र दिसतात. लोखंडी खिळ्याने ओरखडा उठतो. संडास धुवायच्या अॅसिडचा थेंब पडला की फसफस होते, कारण चुनखडकातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. काळा दगड ढिम्म राहतो. ओट्याचा काळा कडप्पा आणि जिन्यावरचा हिरवट कोटा यांवरही तीच फसफस दिसेल. नावं आणि गावं वेगळी असली तरी तिन्ही चुनखडकच.

म्हणूनच यांवर लिंबू किंवा चिंच सांडली तर लगेच पुसावी. मागे उरलेला पांढुरका ठिपका कितीही घासला तरी जात नाही. आम्लाने तिथला दगडच खाल्लेला असतो. पॉलिशवाल्याला बोलावून भोवतालची फरशी तेवढी खाली उतरवणं, हाच त्यावर इलाज.