तोडलेल्या फुलाची तहान

दसरा जवळ आला की भिगवणच्या बाजारात झेंडूचे ढीग पडतात. भाव चढला तर शेतकरी हसतो. पडला तर ओझे परत न्यायचे कशाला, म्हणून फुले तिथेच ओतून गावची वाट धरतो. मंडळी, हा मुलूख कमी पावसाचा. १८८५ मध्ये निरा डावा कालवा सुरू झाला, १९८० च्या सुमारास उजनीचे पाणी भिगवणच्या शिवाराला लागले, तेव्हा कुठे बारामती-इंदापुराकडे बागायत वाढली. अशा मोलाच्या पाण्यावर पोसलेले फूल एक दिवस आधी कोमेजले, तर पिकवणाराही बुडतो आणि विकत घेणाराही. म्हणून तोडलेले फूल टिकवण्याची विद्या माणसाने कशी मिळवली, ती हकीकत आज पाहू.

आपल्या घरांत पूर्वी फूल लागायचे ते देवाला आणि वेणीला. सकाळचे फूल संध्याकाळपर्यंत टिकले म्हणजे झाले. त्यासाठी आयाबाया पहाटेच फुले तोडीत, परडीत ओल्या फडक्याखाली झाकीत, नाहीतर केळीच्या पानात गुंडाळून माठाशेजारी ठेवीत. गजरा गुंफायचा तो केळीच्या भिजवलेल्या सोपटाने. शास्त्राचे पुस्तक कुणी उघडले नव्हते, पण कृती अचूक होती. रात्रभर मुळांनी पाणी ओढलेले असते, त्यामुळे पहाटे फूल भरलेले असते. गारव्यात त्याचा श्वास मंदावतो आणि ओल्या फडक्याने त्याच्या अंगचे पाणी उडत नाही. भिगवणचा मासळीबाजार तुम्ही पाहिला असेल. तिथे मासळीवर बर्फ घालतात, त्यामागेही गारव्याचेच तत्त्व आहे. मात्र फुलावर थेट बर्फ ठेवू नका हो, पाकळ्या काळ्या पडतात.

पुढे दूरदेशची फुले आली. झेंडू, डेलिया आणि निशिगंध, ज्याला आपण गुलछडी म्हणतो, ही तिन्ही मूळची मेक्सिकोकडची. ग्लॅडिओलसच्या पुष्कळ जाती दक्षिण आफ्रिकेतल्या. साहेबांच्या बंगल्यांतून फुलदाणीचा रिवाज पसरला, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शने भरू लागली. आता देठासकट फूल पाण्यात उभे राहिले आणि ते एक दिवस नव्हे, तर आठवडाभर टिकावे अशी अपेक्षा आली.

पण मुळे नसलेला देठ पाणी पितो कसा? इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने मोजमाप करून १७२७ मध्ये दाखवले की झाड पानांवाटे पाणी उडवते आणि त्या ओढीने खालचे पाणी वर चढते. १८९४ मध्ये आयर्लंडच्या डिक्सन आणि जॉली यांनी त्याचा उलगडा केला. देठातल्या बारीक नळ्यांत पाण्याचा अखंड धागा असतो आणि तो वरून ओढला जातो. या धाग्यात हवेचा बुडबुडा शिरला की धागा तुटतो. फुलदाणी भरलेली असूनही फूल मान टाकते, त्याचे हे एक कारण.

गंमत अशी की जपानी लोकांच्या हाताला यावरचा उपाय आधीच सापडला होता. तिकडे फुले मांडणे ही मोठी कला आहे. क्योतोच्या इकेनोबो परंपरेतील सेनकेईने मांडलेल्या फुलांची नोंद १४६२ सालची आहे. या कलेत देठ पाण्यात बुडवूनच कापतात, त्याला मिझुगिरी म्हणतात. पाण्याखाली कापल्याने हवेला आत शिरायला वाव राहत नाही.

फुलाचा दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. १९०१ मध्ये रशियाच्या नेल्युबोव्हने दाखवले की दिव्याच्या गॅसमधील इथिलीनने वाटाण्याचे कोंब वाकडे होतात. शिकागोच्या काचघरांत कार्नेशनची फुले अवेळी मिटत होती. क्रॉकर आणि नाइट यांनी १९०८ मध्ये त्याचे कारण शोधले: वीस लाख भाग हवेत एक भाग इथिलीन असले, तरी उमललेले फूल बारा तासांत मिटते! हाच वायू पिकणाऱ्या केळ्यांतून आणि आंब्यांतूनही निघतो. म्हणून फुलदाणी आंब्याच्या अढीजवळ ठेवू नये.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही घरी करायचे काय? निशिगंधाचा दांडा खालची एक-दोन फुले उमलताच कापावा, वरच्या कळ्या मागाहून उमलतात. गुलाब कळी असतानाच घ्यावा. धारदार चाकूने, पाण्याखाली, देठ तिरका कापावा म्हणजे तो तळाला चिकटून बसत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढावीत, ती कुजतात. कुजक्या पाण्यातले जंतू देठाच्या नळ्या बुजवतात, म्हणून फुलदाणी घासून धुवावी, पाणी रोज बदलावे आणि देठाचे टोक थोडे थोडे छाटावे. साखरेने फुलाला बळ येते हे खरे, पण नुसत्या साखरेवर जंतूही पोसतात. घालायचीच तर लिटरभर पाण्यात चमचाभर साखर आणि थोडा लिंबाचा रस घालावा, आणि तेही पाणी रोज बदलावे.

शिक्षक बंधुभगिनींनी एक प्रयोग जरूर करावा. निशिगंधाचा पांढरा दांडा लाल शाईच्या पाण्यात उभा करून ठेवा. काही तासांनी पाकळ्यांवर लाली चढू लागेल, आणि पाणी देठातून कसे चढते ते मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. दुसऱ्या बाटलीत पाण्याखाली कापलेला दांडा ठेवा, तिसरीत उन्हात तासभर पडलेला. कोणता किती दिवस टिकला, हे मुलांनी वहीत रोज लिहावे.

मावळात तळेगावच्या हरितगृहांतून गुलाब विमानाने परदेशी जातात. ते थंड खोलीत, स्वच्छ पाण्यात ठेवतात. गारवा, ओल आणि स्वच्छता हीच तत्त्वे आपल्या आयाबायांच्या परडीतही होती. फूल झाडावरून उतरले तरी त्याची तहान संपत नाही, एवढे ध्यानात ठेवले तर शेतकऱ्याने फुलासाठी खर्चलेले पाणी वाया जायचे नाही.