ज्ञानाच्या अनेक प्रती

कागदपत्रें कडीकुलुपांत ठेवून टिकत नाहींत, प्रती वाढवूनच टिकतात, असें मत थॉमस जेफर्सन यांनीं १७९१ सालीं इतिहाससंग्राहक एबेनेझर हॅझर्ड यांना लिहिलेल्या पत्रांत मांडलें होतें. विद्वानांचीं नियतकालिकें संगणकावर आलीं आणि हें मत पुन्हा आठवावें लागलें. छापील अंक ग्रंथालयाच्या मालकीचा असे. आतांचा अंक बहुधा प्रकाशकाच्या यंत्रावर असतो. प्रकाशन बंद पडल्यास वर्गणीदाराच्या हातीं कांहीं उरेलच असें नाहीं.

१९९९ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांत ‘लॉक्स’ योजना सुरू झाली. तींत प्रत्येक ग्रंथालय प्रकाशकाच्या संमतीनें स्वतःची प्रत ठेवतें. यंत्रें या प्रती परस्परांशीं ताडून बिघडलेली प्रत दुसरीवरून दुरुस्त करतात. म्हणून वर्गणी भरतांनाच ही संमति मागून घेणें हें ग्रंथपालाचें कर्तव्य ठरतें.